आधी पाणी, मग बाकी सगळं

अॅसिडने भाजलेल्या माणसावरचा पहिला उपचार डॉक्टरच्या हातात नसतो. तो असतो चहाच्या टपरीवाल्याच्या, रिक्षावाल्याच्या, समोरच्या घरातल्या काकूंच्या हातात. उपचार म्हणजे पाणी. साधं, स्वच्छ, भरपूर पाणी. बादलीने, नळीने, प्यायच्या बाटल्यांनी, जसं मिळेल तसं ओतत राहायचं, निदान वीस-तीस मिनिटं, न थांबता. अॅसिड कापडात मुरतं आणि आत जळत राहतं, म्हणून भिजलेली ओढणी, कुडता, गळ्यातलं, कानातलं लगेच उतरवायचं. मान अशी कलती ठेवायची की एका डोळ्यातून वाहणारं पाणी दुसऱ्या डोळ्यात जाणार नाही. हळद, तूप, दही, टूथपेस्ट काहीही लावायचं नाही. शाळेत शिकलेलं रसायनशास्त्र आठवून खायचा सोडा तर मुळीच टाकायचा नाही. आम्ल आणि अल्कली एकत्र आले की उष्णता निर्माण होते, आणि भाजलेल्या जागी आणखी भाजतं.

एवढं ठाऊक असलेला एक माणूस जवळ असला तर एखादीचा डोळा वाचू शकतो. पण जमलेल्या गर्दीत असा माणूस क्वचितच असतो. बघणारे असतात, मोबाइल काढणारे असतात, ‘पोलिस केस आहे, हात लावू नका’ असं सांगणारेही असतात. आणि कधी कुणीच नसतं.

२०२० ची दिवाळी आठवा. करोनाच्या वर्षातली, भीत भीत साजरी केलेली. त्या १४ नोव्हेंबरच्या पहाटे नांदेड जिल्ह्यातली एक बावीस वर्षांची मुलगी पुण्याहून गावी निघाली होती, सणासाठी. दुचाकी चालवत होता तिच्याबरोबर राहणारा तरुण. बीड जिल्ह्यात, येळंब घाटाच्या परिसरात, त्याने गाडी थांबवली, तिच्यावर अॅसिड ओतलं, नंतर पेट्रोल टाकून पेटवून दिलं आणि तो निघून गेला. ती रस्त्याकडेला सुमारे बारा तास पडून होती. दुपारी येणाऱ्या-जाणाऱ्यांना तिचं कण्हणं ऐकू आलं. बीडच्या जिल्हा रुग्णालयात दुसऱ्या दिवशी ती गेली. आरोपीला पोलिसांनी नांदेड जिल्ह्यातूनच पकडलं. ती रस्त्याकडेला पडून होती तो दिवस घराघरांतल्या लक्ष्मीपूजनाचा होता. तिचं नाव इथे लिहीत नाही. तिच्या माणसांनी ते पुरेसं वाचलं आहे.

हा लेख माळव्यातल्या मराठी घरांसाठी लिहितो आहे, धार आणि देवासच्या वाचकांना समोर ठेवून. पवारांच्या या जुन्या संस्थानांत, देवासच्या थोरल्या पातीत आणि धाकट्या पातीत, मराठी घरं पिढ्यान्‌पिढ्या नांदली. ‘हे सगळं दिल्लीकडे, उत्तर प्रदेशात, बंगालमध्ये घडतं’ असं या घरांत सहज म्हटलं जातं. आकडेवारीत ती राज्यं वर असतात हे खरं. पण अॅसिड ही वस्तू माळव्याला परकी नाही. धार जिल्ह्यात पिथमपूर आहे, देवासला चामड्यापासून यंत्रांच्या सुट्या भागांपर्यंतचे कारखाने आहेत. धातू साफ करायला, कातडं कमवायला, बॅटऱ्यांमध्ये, सराफ्यात सोनं शुद्ध करायला, सगळीकडे तेजाब लागतंच. प्रश्न आहे तो कारखान्याच्या फाटकाबाहेर आणि किराणा दुकानाच्या फळीवर काय होतं याचा.

आणि दुसरा प्रश्न अंतराचा. देवासहून इंदूर साधारण पस्तीस-चाळीस किलोमीटर, धारहून साठ-पासष्ट. जिल्हा रुग्णालयात जखम धुतली जाईल, सलाईन लागेल, वेदना कमी करणारं इंजेक्शन मिळेल. प्लास्टिक सर्जन, डोळ्यांचे शल्यविशारद, भाजलेल्यांचा स्वतंत्र कक्ष हे सगळं इंदूरला, महाराजा यशवंतराव रुग्णालयात, म्हणजे सगळ्यांच्या तोंडच्या ‘एमवाय’मध्ये, नाहीतर मोठ्या खासगी दवाखान्यांत. म्हणून जिल्ह्याच्या गावी नातेवाइकांना ऐकू येणारा पहिला शब्द असतो ‘रेफर’. रेफर करण्यात गैर काही नाही, पण आधी उपचार न करता रेफर करणं हा गुन्हा आहे. २०१३ च्या दुरुस्तीने फौजदारी प्रक्रिया संहितेत कलम ३५७ क आलं. आता ते भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत ३९७ आहे. सरकारी असो वा खासगी, कुठल्याही रुग्णालयाने अशा रुग्णावर तत्काळ आणि फुकट प्रथमोपचार केलेच पाहिजेत. नाकारले तर एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. एप्रिल २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने याहून पुढे जाऊन सांगितलं की खासगी रुग्णालयांनीही संपूर्ण उपचार मोफत करावेत. त्यात औषधं, खाटा, जेवण आणि पुढच्या शस्त्रक्रियाही आल्या. ज्या रुग्णालयात ती पहिल्यांदा पोचली त्याने ‘ही अॅसिडहल्ल्यातली पीडित आहे’ असं प्रमाणपत्र द्यायचं. ते एक प्रमाणपत्र पुढे जन्मभर लागतं. घाबरलेल्या भावाला, रडणाऱ्या आईला त्या घडीला हे कोण सांगणार? म्हणून ते आधीच माहीत असलेलं बरं.

महाराष्ट्राने या गुन्ह्याकडे डोळे उघडून पाहिलं ते २ मे २०१३ रोजी. प्रीती राठी दिल्लीहून गरीबरथ एक्स्प्रेसने वांद्रे टर्मिनसला उतरली. कुलाब्याच्या ‘अश्विनी’ या नौदलाच्या रुग्णालयात ती परिचारिका म्हणून, लेफ्टनंटच्या हुद्द्यावर रुजू होणार होती. वडील सोबत होते. फलाटावर मागून कुणीतरी तिच्या खांद्याला हात लावला. ती वळली आणि तिच्या तोंडावर सल्फ्युरिक अॅसिड आलं. ते तोंडावाटे आतही गेलं. महिनाभर ती झुंजली. बोलता येत नव्हतं म्हणून कागदावर लिहून सांगत होती. १ जून २०१३ रोजी ती गेली, आणि तिच्या मृत्यूचं कारण चेहऱ्यापेक्षा आतल्या, फुप्फुसांच्या जखमांत होतं.

तपास आधी भरकटला. एका भलत्याच तरुणाला अटक झाली. पुढे तो निर्दोष असल्याचं दिसून आलं. जानेवारी २०१४ मध्ये मुंबई गुन्हे शाखेने अंकुर पनवारला पकडलं. तो दिल्लीत तिच्या शेजारी राहणारा, हॉटेल व्यवस्थापन शिकलेला, आणि त्याच गाडीने तिच्या मागावर मुंबईला आलेला. तिने लग्नाला नकार दिला होता. तिला नोकरी लागली होती, तीही सैन्यदलात, त्याला नव्हती. सप्टेंबर २०१६ मध्ये मुंबईच्या विशेष न्यायालयाने त्याला फाशी सुनावली. अॅसिडहल्ल्याच्या खटल्यात देशात ही पहिलीच फाशी असं तेव्हा सगळीकडे छापून आलं. २०१९ मध्ये उच्च न्यायालयाने ती जन्मठेपेत बदलली.

फाशी की जन्मठेप या वादात आपण किती शाई घालवली! मला त्या वादापेक्षा एक साधी गोष्ट अधिक छळते. त्या मुलीच्या हाती नेमणुकीचं पत्र होतं. ज्या घरातून, ज्या गल्लीतून ती निघाली तिथे मुलीचा नकार आणि मुलीची नोकरी या दोन्ही गोष्टी मुलाचा अपमान समजल्या जात होत्या, आणि त्याच्याभोवतीच्या कुणालाही त्याचं हे समजणं वेळीच खोडून काढावंसं वाटलं नाही. आपल्याकडेही ‘पोरगा वेडा आहे रे तिच्यासाठी’ हे वाक्य कौतुकानेच उच्चारलं जातं. पाठलाग करणारा मुलगा सिनेमात नायक असतो आणि कट्ट्यावर मित्रांचा लाडका असतो. उल्हासनगरच्या रिंकू पाटीलला १९९० मध्ये दहावीच्या परीक्षाकेंद्रात जाळलं गेलं. २०२० च्या फेब्रुवारीत हिंगणघाटच्या प्राध्यापिकेला भर रस्त्यात पेट्रोल टाकून पेटवलं गेलं. मधल्या तीस वर्षांत मुलीच्या ‘नाही’वरचा राग तसाच राहिला.

अॅसिड नेमकं काय करतं हे सभ्यपणाच्या नावाखाली आपण कधी नीट सांगत नाही, म्हणून सांगतो. सल्फ्युरिक अॅसिड त्वचेतलं पाणी ओढून घेतं आणि त्या क्रियेत स्वतः तापतं. काही क्षणांत कातडी गोठून कडक होते. पापण्या सर्वांत पातळ, त्या आधी जातात. नाकाची पाळी आणि कान कूर्चेचे, ते विरतात. जखम भरताना खरा छळ सुरू होतो, कारण व्रणाची कातडी आकसते. पापणी वर ओढली जाते आणि डोळा मिटत नाही. मिटत नाही म्हणून बुबुळ कोरडं पडतं आणि हल्ल्यात वाचलेली नजर नंतरच्या महिन्यांत जाऊ शकते. ओठांचे कोपरे जुळतात, घास जात नाही. मानेची कातडी आखडते आणि हनुवटी छातीकडे खेचली जाते. मग मांडीची कातडी काढून तिथे लावायची. ती आकसू नये म्हणून दिवसाचे तेवीस तास घट्ट दाबाचा मुखवटा घालायचा. एप्रिल-मेच्या माळव्यात तेवीस तास! ऊन सोसत नाही, घाम येत नाही, खाज थांबत नाही. एक शस्त्रक्रिया झाली की पुढची. दहा, वीस, काहींच्या तर त्याहून अधिक. मूल असताना भाजलेल्या मुलीची हाडं वाढतात, व्रण वाढत नाही. तिला वयात येईपर्यंत पुन्हा पुन्हा टेबलावर जावं लागतं.

याचा खर्च कुठून आणायचा? झारखंडमधल्या धनबादच्या सोनाली मुखर्जीवर २००३ मध्ये हल्ला झाला. वडिलांनी जमीन, दागिने विकले. नऊ वर्षांनी, २०१२ मध्ये, तिने सरकारकडे मागितलं की उपचार करा, नाहीतर मरण्याची परवानगी द्या. त्याच वर्षी ती ‘कौन बनेगा करोडपती’मध्ये बसली आणि पंचवीस लाख रुपये जिंकली. देशाने टाळ्या वाजवल्या. तिची हिंमत मोठीच होती. पण एका नागरिकाच्या पापणीचा खर्च टीव्हीवरच्या प्रश्नमंजूषेतून निघावा, ही आपल्या व्यवस्थेला लाज आणणारी गोष्ट होती.

त्यानंतर कागदावर बरंच सुधारलं. लक्ष्मी अगरवाल २००५ मध्ये दिल्लीच्या खान मार्केटजवळ भाजली तेव्हा शाळकरी वयाची होती. हल्लेखोर तिच्या दुप्पट वयाचा. २००६ मध्ये तिने सर्वोच्च न्यायालयात याचिका केली आणि १८ जुलै २०१३ ला आदेश आला. प्रत्येक राज्याने किमान तीन लाख भरपाई द्यावी, त्यातले एक लाख घटना कळल्यापासून पंधरा दिवसांत, कारण पहिल्या शस्त्रक्रिया तेव्हाच असतात. २०१८ च्या राष्ट्रीय योजनेने चेहरा विद्रूप झाल्यास ही रक्कम सात ते आठ लाखांपर्यंत नेली. मध्य प्रदेशात २०१५ पासून पीडित प्रतिकर योजना आहे, महाराष्ट्रात २०१३ पासून ‘मनोधैर्य’. अर्ज जिल्हा न्यायालयाच्या आवारातल्या विधी सेवा प्राधिकरणात करायचा, फुकट, वकीलही तेच देतात. खटल्याचा निकाल लागेपर्यंत थांबायची गरज नाही. आरोपी सापडला नसला तरी अर्ज करता येतो. हे शेवटचं वाक्य मी मुद्दाम लिहितो आहे, कारण ‘आधी केस जिंका’ असं सांगून परत पाठवलेल्या कुटुंबांच्या कहाण्या या क्षेत्रात काम करणारे सर्वत्र सांगतात.

सर्वोच्च न्यायालयाच्या २०१३ च्या त्याच आदेशात दुकानांचीही गोष्ट होती. अॅसिड विकायचं तर नोंदवही हवी, घेणाऱ्याचं नाव-पत्ता हवा, सरकारी ओळखपत्र हवं, कशासाठी हवं ते लिहायला हवं. अठरा वर्षांखालच्याला विकायचं नाही. साठा उपविभागीय दंडाधिकाऱ्याला कळवायचा. चुकलात तर पन्नास हजारांपर्यंत दंड. प्रयोगशाळा, रुग्णालयं, शाळा-महाविद्यालयं, सरकारी खाती यांनीही साठ्याचा हिशेब एका जबाबदार माणसाकडे द्यायचा. आता आपल्या गल्लीत सकाळी येणाऱ्या हातगाडीकडे बघा. फिनेल, झाडू, पोछा, आणि पाण्याच्या किंवा सरबताच्या जुन्या बाटलीत भरलेलं, लेबल नसलेलं पिवळसर ‘बाथरूमचं अॅसिड’. चाळीस-पन्नास रुपयांना बाटली. आपणच घेतो. फरशीवरचे डाग जातात म्हणून घेतो, आणि नोंदवहीचं नावही काढत नाही. दिवाळीच्या सफाईत तर त्याचा खप वाढतोच. सरकारला, पोलिसांना दोष देताना हा आपला वाटाही मोजायला हवा.

बांगलादेशाने हे करून दाखवलं आहे. २००२ साली तिथे वर्षाला पाचशेच्या घरात हल्ले होत होते. त्याच वर्षी दोन कायदे झाले, एक शिक्षेचा आणि दुसरा फक्त अॅसिडच्या आयात, साठवण, विक्रीच्या परवान्यांचा. पुरुषांनी मोर्चे काढले, वृत्तपत्रांनी विषय लावून धरला, डॉक्टर आणि वाचलेल्या स्त्रियाही पुढे आल्या. पुढच्या दशकात संख्या शंभराच्या खाली आली. आपल्याकडे नोंदलेले हल्ले २०१९ मध्ये दीडशे, २०२० मध्ये १०५, २०२१ मध्ये १०२. दीडशे कोटींच्या देशात ही संख्या लहान वाटते आणि तिथेच तिचा घात होतो. लहान संख्येसाठी कुणी नोंदवही तपासायला जात नाही.

न्यायालयांचं सांगायचं तर कायदा आता कडक आहे. २०१३ पासून किमान दहा वर्षं, कमाल जन्मठेप. नव्या भारतीय न्याय संहितेत हे कलम १२४ झालं. दंडाची रक्कम पीडितेच्या उपचारांना पुरेल एवढी असावी आणि ती तिलाच मिळावी, असं कायदाच म्हणतो. पण शाहीन मलिक यांच्यावर २००९ मध्ये हरियाणात हल्ला झाला आणि त्यांचा खटला २०२५ संपत आलं तरी चालूच होता. डिसेंबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला ते ऐकून धक्का बसला आणि देशभरातल्या उच्च न्यायालयांकडून प्रलंबित खटल्यांची माहिती मागवली गेली. सोळा वर्षं तारखांना जाणाऱ्या बाईला गावातली माणसं काय सांगतात? माळव्यात कोर्टाच्या पायरीवर ऐकू येतं, ‘राजीनामा करून टाका.’ म्हणजे तडजोड करा, पैसे घ्या, मिटवा. हा गुन्हा तडजोडीने मिटवता येतच नाही. तरी साक्षीदार फिरतात, कारण साक्षीदार त्याच गल्लीत राहतात.

आणि कित्येकदा त्याच घरात. लग्नाला नकार मिळालेला तरुण हे या गुन्ह्याचं एकच रूप आहे. मुंबईत वाढलेली रेशमा कुरेशी २०१४ मध्ये अलाहाबादला गेली असताना तिच्यावर अॅसिड टाकणाऱ्यांत तिच्या बहिणीचा नवरा होता. दोनच वर्षांनी ती न्यूयॉर्कच्या फॅशन सप्ताहात मंचावर चालली. मुंबईत ‘साहस फाउंडेशन’ चालवणाऱ्या दौलत बी खान यांनाही नात्यातल्याच माणसांनी भाजलं. जुलै २०२१ मध्ये ग्वाल्हेर जिल्ह्यातली एक विवाहिता बातम्यांत आली. सासरच्यांनी हुंड्यासाठी तिला अॅसिड पाजल्याचा आरोप होता. फौजदारी कायदा फेकणं आणि पाजणं यांत फरक करत नाही. पण २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने ‘अॅसिडहल्ल्याची पीडित’ अशी वर्गवारी करताना फक्त ‘फेकून’ विद्रूप झालेल्यांचाच उल्लेख केला. अन्ननलिका जळालेली, नळीने पेज घेणारी बाई त्या व्याख्येत बसत नाही, कारण तिचा चेहरा शाबूत आहे. शाहीन मलिक यांनी हाही प्रश्न सर्वोच्च न्यायालयापुढे नेला.

तरी याच दिव्यांग हक्क कायद्याने सरकारी नोकऱ्यांतल्या राखीव जागांत अॅसिडहल्ल्यातून वाचलेल्यांना वाटा दिला, हे फार मोठं काम आहे. मला वाटतं, समाजाने काय करावं या प्रश्नाचं निम्मं उत्तर ‘काम’ एवढंच आहे. आग्र्याला डिसेंबर २०१४ मध्ये ‘शीरोज हँगआउट’ हे कॅफे सुरू झालं. तिथे अशाच स्त्रिया चेहरा न झाकता चहा-नाश्ता देतात, गल्ला सांभाळतात. ताजमहाल बघायला आलेली माणसं तिथे जातात, आणि पहिल्या पाच मिनिटांत अवघडलेपण सरतं. तसंच हवं. दया नको असते त्यांना, पगार हवा असतो, भाड्याने खोली हवी असते. खोली मात्र मिळत नाही. ‘मुलं घाबरतील हो’, ‘दुकानात पुढे नको, मागे पॅकिंगला बसव’, ‘तोंड झाकून येत जा’, ‘काहीतरी केलं असेल तिने, उगीच कोण टाकतं’ ही वाक्यं सुशिक्षित, देवभोळ्या, सज्जन माणसांच्या तोंडची आहेत. यातलं शेवटचं सर्वांत दुष्ट, आणि ते बोलणाऱ्यांत बायका कमी नसतात.

मशीनही तिला ओळखत नाही. प्रज्ञा प्रसून यांच्यावर २००६ मध्ये हल्ला झाला. २०२३ मध्ये त्या बँकेत खातं उघडायला गेल्या, तर केवायसीसाठी कॅमेऱ्यापुढे पापणी मिटून दाखवा, म्हणजे तुम्ही जिवंत आहात हे कळेल, असं सांगण्यात आलं. त्यांची पापणी मिटत नव्हती. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि ३० एप्रिल २०२५ रोजी न्यायालयाने सांगितलं की अशा सेवा सर्वांना वापरता येणं हा जगण्याच्या हक्काचाच भाग आहे; पापणी मिटवण्याला पर्याय ठेवा. देवासच्या किंवा धारच्या बँकेत काउंटरवर बसणाऱ्या प्रत्येकाने हा निकाल माहीत करून घ्यावा.

वाचकांकडे माझं मागणं मोठं नाही. घरात बाथरूमचं अॅसिड आणू नका. साबण, सोडा, लिंबू यांनी फरशी पुरेशी निघते. दुकानदार नोंदवही न ठेवता विकत असेल तर उपविभागीय दंडाधिकाऱ्यांकडे लेखी तक्रार करा आणि पोच घ्या. कायदेशीर मदतीचा देशभरचा क्रमांक १५१०० आहे, तो लिहून ठेवा. तुमच्या दुकानात, शाळेत, कचेरीत अशी कुणी कामाला आली तर तिला पुढच्या टेबलावर बसवा.

आणि एक शेवटचं. मोठ्या भाजण्यात रुग्णाच्या स्वतःच्या अंगावर कातडी काढायला जागाच उरत नाही. तेव्हा दान केलेली त्वचा काही आठवडे जखम झाकते, संसर्ग रोखते, आणि तेवढ्यात माणूस वाचू शकतो. ही त्वचा मृत्यूनंतर सहा तासांच्या आत, मांड्या आणि पाठीवरून, अगदी पातळ थरात काढतात. रक्तगट जुळावा लागत नाही, देह विद्रूप होत नाही, अंत्यविधी अडत नाही. मुंबईत शीव रुग्णालयात देशातली पहिली त्वचापेढी २००० साली सुरू झाली. इंदूरला चोइथराम रुग्णालयातही त्वचापेढी आहे. नेत्रदानाचा फॉर्म भरणाऱ्या आपल्या घरांत त्वचादानाचं नाव अजून फारसं पोचलेलं नाही. या दिवाळीत सगळे एकत्र जमाल तेव्हा घरच्यांना सांगून ठेवा.